तिचा हुकूमनामा कुठे गेला? रात्री साडेआठच्या मालिकेच्या शेवटाबद्दल वाहिनीला खुले पत्र

प्रति,
कार्यक्रम प्रमुख आणि कथाविभाग,
रात्री साडेआठची मालिका दाखवणारी मराठी वाहिनी

विषय : मागच्या महिन्यात संपलेल्या मालिकेचा शेवट

स. न. वि. वि.

मागच्या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी रात्री ८ वाजून ५२ मिनिटांनी तुमची मालिका संपली. त्यानंतर तीन आठवडे मी हे पत्र लिहायचे टाळले, कारण मालिकेच्या शेवटावरून पत्र लिहिणारी निवृत्त बाई म्हटल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर कसले हसू येते ते मला ठाऊक आहे. तरीही लिहिते आहे. वाहिनीचे, मालिकेचे आणि पात्रांचे नाव मी मुद्दाम टाळले आहे. ज्यांनी मालिका पाहिली त्यांना ते सांगावे लागणार नाही, आणि कलाकारांची नावे या वादात ओढण्याची मला गरज वाटत नाही, कारण त्यांनी हाती आलेले संवाद म्हटले आणि बहुतेक वेळा उत्तम म्हटले.

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात फॉल-पिको आणि ब्लाउज दुरुस्तीचे दुकान चालवणारी चव्वेचाळीस वर्षांची बाई. नवरा बारा वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला, तिने रीतसर घटस्फोट घेतलेला, मूलबाळ नाही, राहायला भावाच्या घरातली मागची खोली. आणि खोपटच्या आगारातला एसटीचा चालक, वय सत्तेचाळीस, बायको जाऊन सहा वर्षे झालेली, मुलगी बारावीला. पहिल्या शंभर भागांत या दोघांमध्ये कपड्यांच्या मापांखेरीज बोलणे झाले नाही. चाळिशी उलटलेल्या दोन माणसांना एकमेकांची सवय कशी होते, हे इतक्या सावकाश दाखवण्याचे धैर्य तुमच्या लेखकांनी केले, आणि म्हणूनच आम्ही रात्री साडेआठला कुकरची शिट्टीसुद्धा वाजू देत नव्हतो.

त्यातला एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. दोनशेच्या आसपासचा भाग असावा. त्याच्या खाकी गणवेशाचे वरून दुसरे बटण तुटले आहे, मुक्कामी गाडी सुटायला दहा मिनिटे आहेत आणि दुकानातला खाकी दोरा नेमका संपला आहे. ती लाल दोरा सुईत ओवते. तो शर्ट अंगातून काढत नाही, ती काउंटरच्या पलीकडून वाकून बटण लावते, दोरा दाताने तोडायला जाते, थबकते आणि कात्री शोधू लागते. एवढेच. ‘परत आलात की बदलून देते’, असे ती म्हणते. तो परत आला, पण बटण बदलायला आला नाही. पुढचे चारशे भाग त्या खाकी शर्टाच्या दुसऱ्या बटणावर लाल दोऱ्याची फुली होती. कॅमेरा तिच्यावर कधी मुद्दाम रोखला गेला नाही, कुणी त्यावर संवाद लिहिला नाही, पण आमच्या घरात तो पडद्यावर आला की आम्ही आधी बटण बघायचो आणि मग चेहरा.

आता माझा संबंध. मी ठाण्याच्या न्यायालयात सत्तावीस वर्षे लिपिक होते, त्यांतली अकरा वर्षे नकला विभागात. दाव्याचा निकाल लागला की त्याची प्रमाणित प्रत मिळवण्यासाठी पक्षकार आमच्या खिडकीशी येत. अर्ज, कोर्ट फीचे तिकीट, तारीख, आणि मग काही दिवसांनी गोल शिक्का मारलेला कागद. घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची, म्हणजे न्यायालयाच्या लेखी आदेशाची, नक्कल न्यायला बहुतेक बाया एकट्या येत. काही जणी तो कागद तिथेच उभ्याने वाचत, काही जणी न वाचता रेशन कार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत सरकवत. एकीने मला विचारले होते, ‘यावर माझं माहेरचं नाव का नाही?’ त्या कागदासाठी कुणी चार वर्षे तारखा केलेल्या असत, कुणी सात. त्या खिडकीत बसल्यामुळे एक गोष्ट मला नीट समजली, ती म्हणजे बाईने नवऱ्याला सोडले असे लोक दोन शब्दांत सांगून मोकळे होतात, पण तो निर्णय कागदावर येईपर्यंत तिला तो प्रत्येक तारखेला नव्याने घ्यावा लागतो.

तुमच्या मालिकेच्या अडतिसाव्या भागात ती नक्कल घेताना दाखवली आहे. मी तो भाग दोनदा पाहिला. खिडकीची उंची, अर्जावरचे तिकीट, शिक्का, सगळे बरोबर होते. कुणीतरी चौकशी करून लिहिले होते. घटस्फोट परित्यागाच्या कारणावरून मिळाला होता, म्हणजे हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १३ खाली, ज्यासाठी नवरा किमान दोन वर्षे सलग सोडून गेलेला असावा लागतो. तो कागद तिने शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनच्या डब्याखाली ठेवला. तेव्हाच मी सासूबाईंना म्हणाले होते की ही मालिका आपण शेवटपर्यंत पाहू.

आणि शेवट काय झाला? भाग ६०९ : पूर्वीचा नवरा रिक्षातून उतरतो, हातात रुग्णालयाची फाइल, दोन्ही मूत्रपिंडे निकामी. भाग ६१० : भाऊ, भावजय आणि कधी न दिसलेली एक आत्या यांचे तिला उपदेश. भाग ६११ : चालक हात जोडून ‘तुमचं घर आधी’ म्हणतो आणि दूरच्या आगारात बदली मागून घेतो. भाग ६१२ : ती पूर्वीच्या नवऱ्याच्या घरात, गळ्यात मंगळसूत्र, कॅलेंडरवर डायलिसिसच्या तारखांना गोल, आणि मासुंदा तलावाकडे पाहत उभी असताना श्रेयनामावली. सहाशे आठ भागांची गोष्ट चार भागांत उलटी फिरवली गेली. एका भागाची बावीस मिनिटे धरली तर आम्ही या गोष्टीला २२४ तास दिले. तुम्ही तिच्या शेवटाला दीड तासही दिला नाही.

माझी सर्वांत मोठी तक्रार त्या मंगळसूत्राबद्दल आहे. ज्या क्षणी हुकूमनामा झाला आणि अपिलाची मुदत टळली, त्या क्षणापासून तो माणूस तिचा नवरा राहिला नाही. त्याच कायद्याचे कलम १५ दोघांनाही पुन्हा लग्न करायची मोकळीक देते, आणि त्या दोघांना पुन्हा एकमेकांचे नवरा-बायको व्हायचे असेल तर त्यांना नव्याने लग्नच करावे लागेल. घरी परत आले, मंगळसूत्र घातले, संसार पुढे सुरू, असे होत नाही. कायद्यातली चूक म्हणून मी ती सोडूनही दिली असती, कारण मालिकांमध्ये वकील टेबलावर हात आपटतात आणि न्यायाधीश हातोडा ठोकतात, जो मी सत्तावीस वर्षांत एकदाही पाहिला नाही. पण ही चूक माहितीअभावी झालेली नाही. अडतिसाव्या भागात तुम्हाला सगळे माहीत होते. सहाशे बाराव्या भागात तुम्ही ते विसरायचे ठरवलेत. बॉबिनच्या डब्याखालच्या त्या कागदाचे काय झाले, हे तिला कुणी विचारले नाही, तिने कुणाला सांगितले नाही, आणि खण उघडलाही गेला नाही.

याच्याशीच जोडलेली तक्रार अशी की शेवटी ती बोललीच नाही. शेवटचा भाग मी पुन्हा लावून, कागद-पेन्सिल घेऊन मोजला. तिच्या वाट्याला अकरा वाक्ये आली आहेत आणि त्यांतली सात औषधांच्या वेळांबद्दल आहेत. निर्णय आत्याने सांगितला, भावाने मान्य केला, चालकाने त्यागाच्या स्वरात पुढे ढकलला आणि आजारी माणसाने डोळ्यांत पाणी आणून स्वीकारला. जिचा निर्णय होता तिने पाण्याचा ग्लास भरला. एखादी बाई आजारी पडलेल्या पूर्वीच्या नवऱ्याची सेवा करायला जाऊ शकते, हे मला मान्य आहे. मी अशी एक बाई प्रत्यक्ष पाहिली आहे. ती रोज डबा घेऊन जायची, दार उघडून आत ठेवायची आणि संध्याकाळी स्वतःच्या खोलीवर परत यायची. कुणी विचारले तर म्हणायची, ‘माणूस आहे तो. माझा नाही, पण माणूस आहे.’ तुमच्या नायिकेला असे एक वाक्य दिले असते तरी मी हे पत्र लिहिले नसते.

आता प्रोमोंबद्दल. शेवटच्या तीन आठवड्यांत तुम्ही रोज तीन-तीन वेळा दाखवत होता की मुहूर्त ठरला आहे. शिवणाच्या दुकानाला तोरण, आगारातल्या चालक-वाहकांची वरात, एसटीच्या काचेवर झेंडूच्या माळा. प्रेक्षकांकडून नायिकेसाठी उखाणे मागवलेत, निवडक उखाणे लग्नाच्या भागात घेऊ असे सांगितलेत. आमच्या घरून दोन गेले. एक सासूबाईंचा, जो त्यांच्याच लग्नातला होता आणि त्यात गुळाच्या ढेपेचा उल्लेख होता. दुसरा आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींचा. तो त्यांच्या परवानगीने इथे देते :

सुई गेली पुढे, दोरा आला मागे,
—रावांच्या नावाने जुळले तुटलेले धागे.

ती वरात कधी आलीच नाही. झेंडूच्या माळा घातलेली एसटी एकाही भागात दिसली नाही, म्हणजे ते चित्रीकरण प्रोमोपुरतेच झाले असले पाहिजे. लोकांना लग्नाला बोलावायचे, आहेर घ्यायचा आणि मांडवात वेगळाच विधी सुरू करायचा, याला आपल्याकडे काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे. मी तो शब्द वापरत नाही.

मावशींविषयी थोडे अधिक लिहायला हवे, कारण खरे तर त्यांच्यामुळे मी लिहायला बसले. त्या एकेचाळीस वर्षांच्या आहेत, कळव्याहून येतात, नवऱ्याने नऊ वर्षांपूर्वी सोडले आहे. दुपारी एकचे पुनःप्रक्षेपण पाहता यावे म्हणून त्यांनी आमच्याकडची वेळ साडेअकरावरून साडेबारावर आणली होती. परात जमिनीवर, पाठ भिंतीला, नजर पडद्याकडे, आणि तरीही एकही पोळी करपली नाही. एका छापखान्यात बाइंडिंग करणाऱ्या गृहस्थांनी त्यांना लग्नाचे विचारले आहे, हे त्यांनी मला चारशेव्या भागाच्या सुमारास सांगितले. दिव्याला राहणाऱ्या भावाकडे विषय काढायची त्यांची हिंमत होत नव्हती. शेवटी त्यांनी एक युक्ती केली. एका रविवारी तुमचा एक तासाचा महाएपिसोड होता, ज्यात नायिका भावाला म्हणते, ‘दादा, मी तुझ्यावर ओझं नाही आणि तुझी अमानतही नाही.’ मावशी त्या रविवारी भावाकडे जेवायला गेल्या आणि बरोबर साडेसातला टीव्ही लावला. भाऊ काही बोलला नाही, पण जाताना त्याने विचारले, ‘तो माणूस काय करतो?’

शेवटच्या शनिवारी त्याच भावाचा फोन आला. तो म्हणाला, ‘बघितलंस? शेवटी परत गेली ना ती?’

मावशींनी मला हे पोळी लाटता लाटता सांगितले आणि पुढे काहीच बोलल्या नाहीत. मालिकेमुळे कुणाचे लग्न ठरावे किंवा मोडावे इतके आम्ही कुणी भोळे नाही. मावशींचा निर्णय मावशी घेतील. पण ज्या गोष्टीने त्यांना बोलायला शब्द दिले, तीच गोष्ट तीन महिन्यांनी भावाच्या हातात पुरावा म्हणून गेली, आणि हे होऊ शकते याचा विचार तुमच्या कथाविभागातल्या एकाही माणसाच्या मनात आला नसेल, यावर विश्वास ठेवणे मला जड जाते.

तुम्ही म्हणाल की प्रेक्षकांना फक्त गोड शेवट हवे असतात. ठाण्यात असे म्हणू नये. मासुंदा तलावाच्या काठी १९७८ पासून उभ्या असलेल्या आमच्या नाट्यगृहाला ज्या गडकऱ्यांचे नाव आहे, त्यांच्या ‘एकच प्याला’त सिंधू मरते, आणि मराठी प्रेक्षक १९१९ पासून ते नाटक डोळे पुसत पाहत आला आहे. कुणी तक्रार केली नाही, कारण पहिला प्याला ओठांना लागतो तिथपासून शेवटाकडे जाणारी एकेक पायरी आपल्याला दाखवलेली असते. तुम्ही चालकाचा घाटात अपघात घडवला असतात तरी मी रडले असते आणि गप्प बसले असते. त्याला बिचाऱ्याला पहिल्या भागापासून घाटातच गाडी चालवायला लावली होती. दोघांचे जमले नाही, मुलीने नको म्हटले, किंवा चव्वेचाळिसाव्या वर्षी आपल्याला एकटेच बरे वाटते असे तिला उमगले, यांतले काहीही मी ऐकून घेतले असते.

तुम्ही असेही म्हणाल की प्रेक्षकसंख्येचे आकडे घसरले होते. असतील. देशभरातील पन्नास हजारांहून अधिक घरांत कोण काय पाहते ते मोजणारे मीटर बसवलेले आहेत, त्यांच्यावरून आठवड्याचे आकडे येतात, आणि त्या आकड्यांवर स्लॉट राहतो किंवा जातो, एवढे आता शाळकरी मुलांनाही माहीत असते. आमच्या इमारतीत असे मीटर नाही. तुमच्या युनिटमध्ये काम केलेला एक मुलगा आमच्याच गल्लीत राहतो. त्याने सांगितले की साडेआठच्या जागी नवी मालिका आणायचे ठरल्यावर घोडबंदर रस्त्यावरच्या सेटवर चार भाग दोन दिवसांत उरकले. ते खरे असो वा नसो, पडद्यावर ते तसेच दिसले. घाई होती हे मी समजू शकते. पण घाईतसुद्धा माणूस जे पहिल्यांदा हाताला लागते ते उचलतो, आणि तुमच्या हाताला पहिल्यांदा लागले ते हे की बाई नवऱ्याकडे परत जाते. इतक्या सहज लागले याचेच मला वाईट वाटते.

१९८४ साली दूरदर्शनवर ‘हम लोग’ सुरू झाली तेव्हा मी नोकरीला नुकतीच लागले होते आणि शेजाऱ्यांकडे जाऊन ती पाहत असे. भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन प्रेक्षकांशी बोलत. त्या मालिकेला लाखो पत्रे गेली, आणि थोरल्या मुलीने, बडकीने, लग्न करावे असे त्यांतल्या कितीतरी पत्रांत सुचवलेले होते. तिचे लग्न झाले. ती मालिका दीडशेच्या आसपास भागांत संपली. प्रेक्षकांनी सांगावे तसे लेखकाने लिहावे, असे मी म्हणत नाही, त्याने गोष्टीचे भजे होईल. पण त्या काळी पोस्टकार्ड पाठवणाऱ्याला आपण कुणाशी तरी बोलतो आहोत असे वाटत असे. आम्ही मात्र उखाणे पाठवले आणि त्यांचे काय झाले ते आम्हाला कळलेच नाही.

आणखी एक गोष्ट मनात येते, ती थोडी लांबची आहे, पण मी न्यायालयातली बाई असल्यामुळे लिहिल्याशिवाय राहवत नाही. १८८४ साली मुंबईत दादाजी भिकाजी नावाच्या गृहस्थाने आपली बायको रखमाबाई नांदायला येत नाही म्हणून दावा लावला होता. लग्न झाले तेव्हा ती अकरा वर्षांची होती. पहिला निकाल तिच्या बाजूने लागला, अपिलानंतर तो फिरला, आणि १८८७ साली न्यायालयाने तिला सांगितले की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. ती तुरुंगात जायला तयार झाली. पुढे ते प्रकरण तडजोडीने मिटले आणि ती इंग्लंडला जाऊन डॉक्टर होऊन परत आली. त्या बाईला कोर्टाच्या हुकुमानेही घरी पाठवता आले नाही. तुमच्या नायिकेच्या हातात तर कोर्टाचा हुकूम तिच्या बाजूचा होता, आणि तिला परत पाठवायला आत्याचे एक वाक्य पुरले.

एक लहानशी तक्रार उरते. शेवटच्या निरोपाच्या प्रसंगात चालकाच्या अंगावर कोरा करकरीत खाकी शर्ट होता. सगळी बटणे खाकी दोऱ्याची. लाल फुली नव्हती. त्याने ती काढून टाकली असे दाखवायचे असते तर तो एक मोठा प्रसंग झाला असता आणि आम्ही उठून दुसऱ्या खोलीत गेलो असतो. पण ते तसे नव्हते. कुणीतरी ड्रेपरीतून, म्हणजे कपडेपटातून, हाताला आलेला शर्ट दिला होता, आणि सेटवर ते कुणाच्याही लक्षात आले नाही. ते आधी सासूबाईंच्या लक्षात आले. त्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि त्यांच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन व्हायचे आहे.

केबल टेलिव्हिजन नेटवर्कच्या नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीमुळे प्रेक्षकाच्या तक्रारीची पोच वाहिनीने चोवीस तासांत आणि उत्तर पंधरा दिवसांत द्यायचे असते, हे मला माहीत आहे. तो अर्ज मी केलेला नाही. ती तरतूद कार्यक्रम संहितेच्या भंगासाठी आहे, आणि शेवट वाईट लिहिणे हा कोणत्याही संहितेचा भंग नाही, नसावाही. म्हणून हे पत्र उघड लिहिले आहे आणि माझ्या मागण्याही उघडच सांगते.

या मालिकेचा एक विशेष भाग करा, तासाभराचा पुरे. त्यात लग्न दाखवलेच पाहिजे असे माझे म्हणणे नाही. ती मशीनचा खण उघडू दे, तो कागद बाहेर काढू दे, आणि काय करायचे ते स्वतःच्या तोंडाने सांगू दे. तिने त्या आजारी माणसाकडेच राहायचे ठरवले तरी चालेल, पण मग का ते तिने सांगावे आणि गळ्यातल्या मंगळसूत्राचा हिशेबही तिनेच द्यावा. दूरचित्रवाणीवर जागा नसेल तर हा भाग तुमच्या अॅपवर टाका, आम्ही शोधून पाहू. ते होईपर्यंत शेवटच्या भागाच्या पुनःप्रक्षेपणात एक ओळीची पाटी दाखवा की घटस्फोटाच्या हुकूमनाम्यानंतर हे लग्न कायद्याने अस्तित्वात नाही. सिगारेटच्या दृश्याखाली दाखवता तेवढ्याच अक्षरांत दाखवली तरी हरकत नाही.

ज्यांनी उखाणे पाठवले त्यांच्याजवळ दिलगिरी व्यक्त करा. पुढच्या मालिकांच्या प्रोमोत जे दृश्य दाखवाल ते भागात येणार असेल तरच दाखवा. आणि मालिका बंद करायची ठरली की लेखकांना किमान महिनाभर आधी कळवा, म्हणजे त्यांना आत्या शोधावी लागणार नाही.

मावशींनी विचारले आहे की त्यांचा उखाणा परत मिळेल का. मी सांगितले की तो त्यांचाच आहे, पाठवला म्हणून तुमचा होत नाही. त्यांची खात्री पटलेली नाही, म्हणून तेही तुम्ही लेखी कळवावे.

कळावे,
आपली विश्वासू,
नकला विभागातील एक निवृत्त लिपिक
चरई, ठाणे (पश्चिम)

ता. क. : लाल दोऱ्याच्या बटणाचा तो जुना शर्ट ड्रेपरीत कुठेतरी असेल. विशेष भाग केलाच तर कृपया तोच काढावा. कुणी चुकून बटण बदलले असेल तर ते वरून दुसरे होते, आणि टाके समांतर नव्हते, फुलीचे होते.